'दोन्ही नळ्या बंद' म्हणजे नेमकं काय?

दिवाळीच्या आठ दिवस आधी माझ्या मामेवहिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती, "ताई, तुम्ही पीएच.डी. करताय न्हवं, हे जरा वाचून सांगा की." रिपोर्ट एचएसजीचा होता. आमच्याकडे त्याला एचएसजी कुणी म्हणत नाही, 'नळ्यांचा एक्स-रे' म्हणतात. शेवटच्या ओळीतला निष्कर्ष असा: दोन्ही गर्भनलिका गर्भाशयाच्या कोपऱ्यापाशीच बंद.

मी डॉक्टर नाही. मी जैवसंख्याशास्त्रात संशोधन करते, म्हणजे दुसऱ्यांनी जमवलेल्या आकड्यांवर डोकं फोडते. वहिनींना पहिल्यांदा तेच सांगितलं. पण त्यांना दोन ठिकाणी दोन सल्ले मिळाले होते. एकीकडे म्हणाले, बारीक तारेने नळी उघडून देतो, चिरफाड नाही, टाका नाही, त्याच दिवशी घरी. दुसरीकडे म्हणाले, नळ्यांच्या नादी लागू नका, सरळ टेस्ट ट्यूब बेबी करा. दोन्हीकडच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. आणि तिसरा निकाल घरातच लागून गेला होता: रिपोर्ट आला, म्हणजे दोष सुनेचा.

वहिनींना विचारूनच हे लिहितेय. गावाचं नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. तुमच्यापैकी जे पेटची किंवा संशोधन आराखड्याची तयारी करताय त्यांच्यासाठी हा विषय निवडला, कारण 'ब्लॉक' हा शब्द किती खरा धरायचा ह्या एका प्रश्नावर सगळ्या उपचाराचं यश-अपयश मोजणं अवलंबून आहे.

आधी नळी. गर्भनलिका साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. अंडाशयाकडचं तोंड झालरीसारखं आणि रुंद, तर गर्भाशयाच्या भिंतीतून जाणारा भाग अगदी अरुंद, आतली पोकळी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. स्त्रीबीज आणि शुक्राणू ह्या नळीतच भेटतात. सोळाव्या शतकात इटलीतल्या गाब्रिएले फालोपिओने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून इंग्रजीत तिला त्याचं नाव आहे.

ही नळी कुठे बंद आहे, ह्यावर पुढचं सगळं ठरतं. गर्भाशयाच्या बाजूला बंद असेल तर तो अलीकडचा अडथळा. झालरीच्या बाजूला बंद असेल तर पलीकडचा, आणि त्यात पुष्कळदा नळीत पाणी साठून ती फुगते. तारेचा उपचार फक्त अलीकडच्या अडथळ्यासाठी आहे. फुगलेल्या नळीत तार घालून उपयोग नाही. तिथे दुर्बिणीचं ऑपरेशन लागतं, आणि टेस्ट ट्यूब बेबी करायचं ठरलं असेल तर अनेकदा ती नळी आधी काढून टाकतात किंवा गर्भाशयाजवळ बंद करतात, कारण साठलेलं पाणी गर्भाशयात झिरपून गर्भ रुजू देत नाही. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये बांधलेली किंवा कापलेली नळीसुद्धा तारेने उघडत नाही. तिथे दोन टोकं पुन्हा शिवावी लागतात. हे सांगायचं कारण असं की 'बंद नळी बिनटाक्याने उघडते' एवढंच वाक्य वाचून नसबंदी झालेल्या बायकाही चौकशीला येतात. वहिनींच्या शेजारच्या एक काकू अशाच जाऊन आल्या होत्या.

आता तार. ही कल्पना फार जुनी आहे. १८४९ मध्ये लंडनच्या विल्यम टायलर स्मिथ ह्या डॉक्टरने देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीची बारीक सळई गर्भाशयातून नळीत सरकवून अडथळा काढायचा, असा उपाय 'लॅन्सेट'मध्ये मांडला. आत दिसत काहीच नव्हतं, सगळं हाताच्या अंदाजावर. कल्पना तिथेच राहिली. क्ष-किरण आल्यावर नळीत रंगद्रव्य सोडून चित्र घेणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालं, पण उपचाराला आणखी बराच काळ लागला.

मधला दुवा हृदयाकडून आला, खरं तर पायाकडून. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर ह्या क्ष-किरणतज्ज्ञाने एका बाईच्या पायातली तुंबलेली रक्तवाहिनी आतून नळी सरकवून उघडली. आज जिला आपण अँजिओप्लास्टी म्हणतो तिची ही सुरुवात. एकदा तार आणि कॅथेटर हातात आल्यावर तीच हत्यारं दुसऱ्या अरुंद नळ्यांत वापरून बघायची, हे ओघानेच आलं. १९८५ मध्ये प्लॅटिया आणि क्रूडी ह्यांनी क्ष-किरणाखाली गर्भनलिका उघडल्याचं लिहिलं आणि त्यानंतर लगेचच डॉटरच्याच पोर्टलंडमध्ये एमी थरमंड, योसेफ रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पक्की केली.

प्रत्यक्षात करतात ते असं. पाळी थांबल्यावर आणि स्त्रीबीज सुटायच्या आधीचे दिवस निवडतात, म्हणजे गर्भ असण्याची शक्यता राहत नाही. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक देतात. हलकी गुंगी किंवा नुसतं वेदनाशामक. योनिमार्गातून गर्भाशयाच्या तोंडाशी नळकांडी धरून पाच फ्रेंच मापाचा कॅथेटर गर्भाशयाच्या कोपऱ्याशी नेतात. (तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे हा साधारण १.७ मिलिमीटर जाड.) तिथून रंगद्रव्य थेट नळीच्या तोंडात सोडतात. ह्या नुसत्या दाबानेही बऱ्याच नळ्या मोकळ्या होतात, तारेची वेळच येत नाही. नाहीच झाल्या तर पहिल्याच्या आतून तीन फ्रेंचचा कॅथेटर आणि त्यातून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची मऊ टोकाची तार हळूहळू पुढे सरकवतात. शेवटी पुन्हा रंगद्रव्य सोडून ते पोटात सांडतंय का बघतात. सगळं मिळून साधारण अर्ध्या-एक तासाचं काम. धोके आहेत: तार नळीच्या भिंतीतून बाहेर जाऊ शकते (ते बहुधा आपोआप भरून येतं), जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि पुढे गर्भ नळीतच राहण्याची शक्यता असते. तो शेवटचा धोका गंभीर आहे, त्यावर पुढे येतेच.

हेच काम दुर्बिणीनेही करतात. एक दुर्बीण गर्भाशयात, एक पोटात. तार घालताना बाहेरून नळी दिसत राहते. त्याला भूल लागते आणि पोटावर दोन-तीन बारीक छेद घ्यावे लागतात. पण पोटातलं चिकटलेलं, क्षयाचे डाग, एंडोमेट्रिओसिस हे सगळं त्याच वेळी डोळ्यांनी बघता येतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, छान आहे की. मलाही वाटलं. मग मी मोजमापाकडे वळले.

अलीकडचा अडथळा म्हणून एक्स-रेत जे दिसतं, ते काय काय असू शकतं? नळीच्या तोंडाशी स्नायू असतात. रंगद्रव्य जोरात शिरलं, बाई घाबरलेली असली, दुखलं, की ते आवळतात आणि रंगद्रव्य पुढे जात नाही. चित्रात हे हुबेहूब ब्लॉकसारखं दिसतं, पण नळी मोकळी असते. दुसरं, चिकट स्राव किंवा पेशींचा कचरा साठून झालेलं बूच. तिसरं, खरी इजा: जुन्या संसर्गाने आलेला व्रण, नळीच्या भिंतीत झालेल्या गाठी, क्षयरोग. एक्स-रेवर तिन्ही सारखेच दिसू शकतात. १९८७ मध्ये अमेरिकेत सुलाक आणि सहकाऱ्यांनी अलीकडच्या ब्लॉकसाठी कापून काढलेले नळ्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच नळ्यांत पोकळी बंद झालेलीच नव्हती. काहींत फक्त कचऱ्याचं बूच होतं. ऑपरेशन मात्र होऊन गेलं होतं.

मग एचएसजी कितपत चुकतं? ह्याचा बहुतेकदा दिला जाणारा आकडा १९९५ च्या एका डच विश्लेषणातला आहे. स्वार्ट आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यास एकत्र केले, एकूण ४,१७९ रुग्ण. तुलना पोटातल्या दुर्बिणीशी, म्हणजे गर्भाशयातून निळा रंग सोडून तो नळीच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतोय का हे डोळ्यांनी बघणं. निष्कर्ष: खरोखर बंद असलेल्यांपैकी ६५ टक्के एक्स-रेने पकडले, आणि खरोखर मोकळ्या असलेल्यांपैकी ८३ टक्के मोकळ्या म्हणून ओळखले. आता एक बारीक गोष्ट, जी मला मूळ पेपर उघडल्यावरच कळली. हे दोन आकडे वीसच्या वीस अभ्यासांतून आलेले नाहीत. ज्या अभ्यासांत एक्स-रे वाचणाऱ्याला दुर्बिणीत काय दिसलं ते माहीत नव्हतं आणि दुर्बीण करणाऱ्याला एक्स-रेचा निकाल माहीत नव्हता, असे फक्त तीन निघाले. आकडे त्या तिघांचे. दुसऱ्याचं उत्तर बघून लिहिलेला पेपर आपण परीक्षेत धरत नाही, इथे का धरायचा? तुमच्या आराखड्यात निदानाची कुठलीही तपासणी असेल तर 'कोण काय माहीत असताना वाचणार' हे वाक्य आजच लिहून ठेवा.

हे आकडे घेऊन एक गणित करू. समजा १,००० बायकांची तपासणी झाली आणि त्यातल्या २०० जणींच्या नळ्या खरंच बंद आहेत. (हे २०० मी धरलेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.) ६५ टक्क्यांप्रमाणे त्यातल्या १३० जणींचा रिपोर्ट 'बंद' येईल. उरलेल्या ८०० जणींच्या नळ्या मोकळ्या आहेत, पण १७ टक्के चुकतात, म्हणजे आणखी १३६ जणींच्या हातात 'बंद' असाच रिपोर्ट पडेल. एकूण 'बंद' रिपोर्ट २६६, त्यातले खरे १३०. निम्म्याहून किंचित कमी.

आता १,००० मध्ये ४०० जणींच्या नळ्या खरंच बंद आहेत असं धरा, जसं जुने, किचकट रुग्ण पाठवले जातात अशा मोठ्या रुग्णालयात असेल. खरे 'बंद' २६०, खोटे १०२. म्हणजे शंभरातले ७२ रिपोर्ट खरे. मशीन तेच, वाचणारा तोच, आणि कागदावरच्या त्याच ओळीचा अर्थ तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये एक आणि मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात दुसरा. विद्यार्थी हे सूत्र नेट-सेटसाठी पाठ करतात आणि पुढे प्रबंधात मात्र तपासणीची 'अचूकता' एक पक्का आकडा म्हणून लिहितात. (दोन्ही नळ्या अलीकडेच बंद दिसणं हा वेगळा उपगट आहे आणि त्याची टक्केवारी थोडी वेगळी येईल, हे मान्य. हिशोबाची दिशा बदलत नाही.)

त्या उपगटाबद्दल थेट माहितीही आहे. इटलीतल्या डेसोले आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक छोटाच अभ्यास छापला. पहिल्या एक्स-रेत नळ्या अलीकडे बंद दिसलेल्या बायकांचा महिन्याभराने फक्त पुन्हा एक्स-रे काढला, मधे काहीही केलं नाही. सुमारे ६० टक्के जणींच्या नळ्या मोकळ्या दिसल्या.

हा आकडा वाचला आणि मी वहिनींना रात्री साडेदहाला फोन केला. (नको करायला होता, खेड्यात साडेदहा म्हणजे मध्यरात्र.)

आता तारेचं यश बघा. जाहिरातीत ८०-९० टक्के असे आकडे असतात. ते खोटे नसतात. पण ते तार पलीकडे गेली आणि रंगद्रव्य सांडलं, एवढ्याचे आकडे असतात. आणि तेही पुष्कळदा नळ्यांमागे मोजलेले, बायकांमागे नाही. ५० बायका म्हणजे १०० नळ्या. ८५ नळ्या उघडल्या तर ८५ टक्के यश. एकीच्या दोन नळ्या काही दोन स्वतंत्र माणसं नव्हेत. एकच शरीर, एकच आजार, एकच डॉक्टर. त्यांना स्वतंत्र धरून काढलेली खात्री फुगवलेली असते.

घरच्यांना हवं असतं मूल. त्याचा सगळ्यात चांगला एकत्रित आकडा २०१७ मध्ये डी सिल्व्हा, कुमारस्वामी आणि सहकाऱ्यांनी 'ह्यूमन रिप्रॉडक्शन'मध्ये दिला. २७ अभ्यास, १,७२० स्त्रिया. उपचारानंतर गर्भ राहिला २७ टक्के जणींना, जिवंत मूल झालं २२ टक्के जणींना, गर्भ नळीत राहिला ४ टक्के जणींना. शंभरातल्या बावीस जणींना मूल, तेही बिनटाक्याच्या आणि आयव्हीएफपेक्षा पुष्कळ स्वस्त उपचाराने, ही काही छोटी गोष्ट नाही. पण सत्तावीसच्या सत्तावीस अभ्यास निरीक्षणात्मक. उपचार केला, मग काय झालं ते बघितलं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या जणींना उपचार आणि अर्ध्या जणींना थांबायला सांगितलं, असं नाही.

आता वरचा ६० टक्क्यांचा आकडा इथे आणून ठेवा. पहिल्याच एक्स-रेवर विसंबून तार घातली असेल, तर त्यातल्या बऱ्याच बायकांच्या नळ्या मुळात मोकळ्याच असणार. त्यांना मूल झालं तर श्रेय तारेला जाणार. ते तारेचं असेलही. नुसतं रंगद्रव्य सोडल्यानेही गर्भ राहण्याची शक्यता बदलते, हे नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीवरून दिसतं. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या त्या चाचणीत २७ रुग्णालयांतल्या १,११९ स्त्रियांना चिठ्ठीने तेलातलं किंवा पाण्यातलं रंगद्रव्य दिलं. तेलाच्या गटात ३८.८ टक्के जणींना मूल झालं, पाण्याच्या गटात २८.१ टक्के जणींना. लक्षात घ्या, ह्या चाचणीत नळ्यांच्या आजाराचा धोका जास्त असलेल्या बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे हे आकडे उचलून वहिनींना लावता येत नाहीत. पण तपासणी म्हणून जे करतो तेच थोडंफार उपचारही असू शकतं, एवढं दिसतं. मग २२ टक्क्यांतले तारेचे किती, रंगद्रव्याचे किती, नुसत्या काळाचे किती? तुलनेचा गट नसताना हे वेगळं काढताच येत नाही.

काळाचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागातली एक गोष्ट सांगते, कारण ती कुठल्याच पेपरात भेटली नाही. सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातले खटाव, माण ह्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायचं दुकान देशात कुठल्याही शहरात, आणि घर, शेत, म्हातारी माणसं गावाकडे. काही जणांचं बिऱ्हाड सोबत असतं, काहींचं नसतं. माझा मामेभाऊ तमिळनाडूत असतो. लग्नाला तीन वर्षं झाली, पण पहिली दीड वर्षं वहिनी गावाकडेच होत्या. दादा यायचा दिवाळीला, गावच्या यात्रेला आणि एखाद्या लग्नकार्याला.

वंध्यत्वाची सर्वमान्य व्याख्या आहे, १२ महिने नियमित, विनाअडथळा संबंध असून गर्भ न राहणे. त्यात 'नियमित' हा शब्द आहे. गर्भ राहू शकेल असे दिवस एका पाळीचक्रात साधारण सहा, स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. दादाची पंधरा दिवसांची सुट्टी त्या सहा दिवसांवर पडली तर ते चक्र मोजायचं, नाही तर नाही. मी वहिनींबरोबर बसून कॅलेंडरवर खुणा केल्या. छत्तीस महिन्यांतली धरण्यासारखी चक्रं सोळा-सतरा निघाली. म्हणजे व्याख्या पूर्ण होते, तपासणी योग्यच होती, पण 'तीन वर्षं मूल नाही' हे वाक्य दीड वर्षाचं निघालं. तुमच्या अभ्यासाच्या प्रश्नावलीत 'लग्नाला किती वर्षं झाली' एवढाच रकाना असेल, तर सातारा-सांगलीत तो तुम्हाला फसवणार. ऊसतोडीला जाणारी जोडपी, मुंबईत माथाडीला असलेले नवरे, सैन्यातले नवरे, सगळीकडे हेच.

आणि नवऱ्याची तपासणी? झालीच नव्हती. वीर्यतपासणी ह्या सगळ्यातली सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त. ती आधी व्हायला हवी हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. बाईला टेबलावर झोपवून नळ्यांत रंगद्रव्य सोडून झालं, मग कुणी तरी विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट?"

क्षयरोगाचं काय

हा भाग परदेशी पेपरांत चार ओळींत उरकतात. आपल्याकडे तसं चालणार नाही. सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभं करणाऱ्या विल्यम वानलेस ह्यांचं नाव त्या वस्तीला आहे, आणि तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. ह्या भागाला क्षय नवा नाही. फुप्फुसातला क्षय खोकल्याने कळतो. जननेंद्रियांचा क्षय बहुधा काहीच कळू देत नाही, आणि तो झालेल्या जवळजवळ सगळ्या बायकांत गर्भनलिका सापडतातच. भारतात नळ्या बंद होण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. पुष्कळदा बाईला पहिल्यांदा कळतं ते मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर.

क्षयाने कडक झालेल्या, मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या नळीत तार घालू नये असं सांगतात. ती सहज फाटते आणि उघडली तरी आतलं अस्तर गेलेलं असतं, काम करत नाही. चालू क्षय असेल तर आधी औषधं. ती सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात, साधारण सहा महिन्यांचा कोर्स. औषधाने आजार बरा होतो, पण व्रण झालेली नळी पुन्हा पूर्वीसारखी होईलच असं नाही.

निदान मात्र इथेही अवघड. आजार नळीत असतो, पण नमुना घेतात गर्भाशयाच्या अस्तराचा, कारण हात तिथवरच पोचतो. अस्तरात जंतू असतीलच असं नाही, असले तरी फार थोडे. म्हणून सीबीनॅट किंवा कल्चर निगेटिव्ह आलं तरी 'क्षय नाही' म्हणता येत नाही, आणि उलट नुसत्या एका पीसीआरच्या पॉझिटिव्हवर सहा महिने औषधं सुरू केल्याचीही उदाहरणं आहेत. वरचं १,००० बायकांचं गणित इथे पुन्हा मांडून बघा, आकडे बदलून.

मग ह्यावर संशोधन करायचं तर?

सरळ मनात येणारा प्रश्न: तारेने मूल होण्याची शक्यता वाढते का? चाचणी कशी असेल तेही सरळ आहे. दोन्ही नळ्या अलीकडे बंद दिसलेल्या बायका, चिठ्ठीने दोन गट, एकाला लगेच तार, दुसऱ्याला वाट बघा, आणि वर्षभरात जिवंत मूल किती ते मोजा. समजा न उघडता १७ टक्के आणि उघडून २७ टक्के, हा दहाचा फरक पकडायचा आहे. नेहमीच्या सूत्राने, ८० टक्के ताकद धरून, प्रत्येक गटात सुमारे २६५ बायका लागतात. एकूण ५३०, मधेच सोडून जाणाऱ्या वेगळ्या. एखाद्या विभागात अशा महिन्याला तीन येत असतील तर पंधरा वर्षं. तोवर तुमची नोकरीतून निवृत्तीची वेळ येईल. शिवाय वय ३४ असलेल्या बाईला 'तुमचा गट वाट बघणाऱ्यांचा' असं सांगणं नैतिकतेच्या समितीपुढेही अवघड आहे आणि तिच्या समोर बसून तर त्याहून अवघड.

म्हणूनच जग एका गटाचे अभ्यास छापत बसलंय. कुणी आळशी आहे म्हणून नाही. मला पूर्वी असे पेपर वाचून चीड यायची, हे गणित केल्यापासून जरा कमी येते.

पण दुसरा प्रश्न एका पीएच.डी.त बसतो. आपल्या भागात पहिल्या एक्स-रेत बंद दिसलेल्या किती जणींच्या नळ्या महिन्याभराने मोकळ्या दिसतात? इटलीत ६० टक्के. आपल्याकडे क्षयामुळे कमी असतील का? अंदाज १० टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने काढायचा तर साधारण ९२ बायका लागतात. महिन्याला तीन धरल्या तर अडीच वर्षं. सातारा-सांगलीत कऱ्हाडचं कृष्णा, मिरजेचं शासकीय, सांगलीचं भारती विद्यापीठ अशी महाविद्यालयं आहेत. दोन विभाग एकत्र आले तर वेळ आणखी कमी. दुसरा एक्स-रे वाचणाऱ्याला पहिला दाखवायचा नाही. आवळलेला स्नायू सैल करणारं इंजेक्शन दोन्ही वेळा सारखंच द्यायचं किंवा दोन्ही वेळा नाही. सुरुवातीलाच सीटीआरआयवर नोंद. आणि 'नियमित' महिन्यांचा रकाना, गलाईवाल्यांसाठी. उत्तर ३० टक्के आलं काय किंवा ६० आलं काय, दोन्हीचा उपयोग तारेचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरला उद्या सकाळी होईल.

आयव्हीएफवाल्यांवर अन्याय नको म्हणून एक सांगते. ती पद्धत जन्मालाच आली बंद नळ्यांमुळे. १९७८ मध्ये जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नळ्या बंद होत्या, आणि मुंबईत केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाल्यावर तो रस्ता आपल्याकडेही खुला झाला. बाईचं वय जास्त असेल, नळ्या दोन्ही टोकांना खराब असतील, नवऱ्याचे शुक्राणू फार कमी असतील, तर नळी उघडत बसण्यात वर्ष घालवणं महागात पडतं. वहिनी २७ वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे एक महिना थांबायला वेळ आहे. चाळिशीच्या बाईला मी हे म्हटलं नसतं.

मी वहिनींना उपाय सांगितला नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले, डॉक्टरांना विचारायला: अडथळा अलीकडे आहे की पलीकडे? स्नायू आवळल्याने तसं दिसलं असेल का, आणि एक्स-रे पुन्हा काढावा का? क्षयाची तपासणी झाली का? दादाचा रिपोर्ट आधी बघायचा का? दादा दिवाळीला आला तेव्हा त्याची तपासणी झाली, ठीक आली. त्या दिवसापासून घरातला 'दोष' हा शब्द जरा दबक्या आवाजात यायला लागलाय. तार सुचवणाऱ्या डॉक्टरांनीच कागद वाचून म्हटलं, येत्या पाळीनंतर आधी पुन्हा एक्स-रे काढू, अस्तराचा नमुनाही घेऊ, मग बघू. आणि दादाने ह्या वेळी वहिनींना सोबत न्यायचं ठरवलंय, एक्स-रे झाल्यावर.

काल फोन आला होता. मला वाटलं रिपोर्टबद्दल काही विचारतील. त्यांनी विचारलं, "ताई, गेल्या खेपेला लई दुखलं वो. ह्या वेळंला पण तसंच दुखंल का?" पेपरांच्या ढिगात हे मी वाचलंच नव्हतं. त्यांना सांगितलं, आधी तासभर गोळी घ्यायची असते, कुठली ते डॉक्टरांना विचारा, आणि दुखलं तर तिथेच मोठ्याने सांगा.